अँटी-फटीग मॅट: चेकिंग टेबलाला घ्या, मागाखाली नको

टॉवेलच्या कारखान्यात अँटी-फटीग मॅट, म्हणजे उभ्याने काम करणाऱ्याचा थकवा कमी करणारी मऊ चटई, टाकायची ठरली की मोजायचा टेप सगळ्यात आधी मागांच्या रांगेत पसरतो, आणि पैसे तिथेच वाया जातात. माग सांभाळणारा कामगार एका जागी उभा नसतो. इकडे धागा तुटला, तिकडे आडव्या सुताची कांडी संपली, त्याच्या फेऱ्या चालूच असतात. चालताना पोटरी आवळते, सैल होते आणि पायातलं रक्त वर ढकललं जातं. त्याला त्रास होतो तो टाचांचा आणि कमरेचा, त्यावरचा इलाज पायताणात आहे. शिवाय दोन मागांमधल्या अरुंद वाटेत मॅटची कड पायात येते, बीमची (ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळाची) गाडी अडते आणि मॅटखाली सुताची धूळ नि तेल साचतं. आगीच्या दृष्टीने शेडमध्ये हे नकोच.

मॅटचा खरा फायदा जागचा न हलणाऱ्याला होतो. तयार टॉवेल तपासायचं चेकिंग टेबल, घडी-पॅकिंग, इस्त्री, सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानाचा काउंटर, मेडिकल, हॉटेलातली रोटीची भट्टी. मॅट किंचित दबते, शरीर तोल सावरायला नकळत हलत राहतं आणि पोटरीला तेवढी हालचाल मिळते. फरशीचा कडकपणा टाचेला लागत नाही, हे वेगळंच.

जाडी 12 ते 20 मिलिमीटर पुरे. जास्त मऊ म्हणजे जास्त चांगली, ही समजूत चुकीची. फार मऊ मॅटवर घोटा सतत डगमगतो आणि स्नायू उलट लवकर थकतात. दुकानात हाताने दाबून काही कळत नाही. चप्पल-बुटांसह वर चढून एका पायावर सगळा भार टाका. टाचेला खालची फरशी लागली तर ती मॅट नको. पाय काढल्यावर खड्डा लगेच भरून आला नाही, तर ती थोड्याच दिवसांत चपटी होणार.

कुठली मॅट कुठे टाकायची, यात सगळ्यात जास्त घोळ होतो. पीव्हीसी फोमची स्वस्त असते, कोरड्या काउंटरला चालते. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र ती लवकर कडक होते, कडा वर वळतात आणि माणूस अडखळतो. सोलापूरचा मे महिना 42-43 अंशांचा, त्यात वर पत्रा. साधं रबर तेलाने फुगतं, म्हणून वंगणाचा संबंध असेल तिथे नायट्राइल रबरच घ्यावं. भोकांची जाळीदार मॅट ओल्या स्वयंपाकघरासाठी असते. चेकिंगला ती घेतली तर भोकांत तंतू अडकून बसतात, तिथे भरीव पृष्ठभागाचीच बरी. पॉलियुरेथेनची सगळ्यात टिकाऊ, पण महाग. कोणतीही घ्या, कडा उतरत्या हव्यात. पाळी संपताना मॅट उचलून उलटी झाडायची आणि साबणाच्या पाण्याने पुसायची. तेलाचे डाग काढायला रॉकेल वापरलं की रबर गेलंच म्हणून समजा.

मागवाल्याने पैसे घालावेत ते बुटांत. सपाट रबरी स्लिपर पायात राहावी म्हणून बोटं दिवसभर आवळलेली असतात. सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते, तिचं एक कारण तळाला आधार नसलेलं असं पायताण. टाच दोन-तीन सेंटीमीटर उंच, मागून घट्ट, तळव्याच्या कमानीला आधार आणि पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा, एवढं बघा. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय सुजून खऱ्या मापाचे झालेले असतात.

पाय आवळून सूज रोखणाऱ्या प्रेशरच्या मोज्यांचं माप नेमकं उलट, सकाळी सूज चढण्याआधी घ्यायचं: घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागी, पोटरीच्या सगळ्यात जाड जागी आणि टाचेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत लांबी. दिवसभर उभं राहणाऱ्याला 15 ते 20 एमएमएचजी (दाबाचं एकक) दाबाचे, गुडघ्याखालचे बहुधा पुरतात. त्याहून जास्त दाबाचे डॉक्टरांनी सांगितल्यावरच. मांडीपर्यंतचे आपल्या उन्हाळ्यात कोणी आठवडाभरही घालत नाही, पुढून बोटं उघडी असलेले घ्या. अंथरुणातून उठताच चढवावेत, झोपताना काढावेत. वरची कड गुंडाळली तर तिथे पाय आवळला जातो आणि रक्त उलट अडतं. रोज वापरात साधारण सहा महिन्यांत ताण जातो, मग तो नुसता मोजा. मधुमेहाने पाय बधिर असतील किंवा पायाच्या धमन्यांत अडथळा असेल, तर विचारल्याशिवाय घालू नयेत.

या सगळ्यापेक्षा स्वस्त अशी एक वस्तू आहे, पण ती कोणी विकत नाही, कारण तिच्यात नफा नाही. ती म्हणजे टेबलाखाली 10-15 सेंटीमीटर उंचीचा लाकडी ठोकळा. आलटून-पालटून एकेक पाय त्यावर ठेवला की कमरेचा बाक सुटतो. सुतार उरलेल्या फळीतून करून देईल. टेबलाची उंचीही तेव्हाच बघून घ्या. हलक्या कामाला टेबल कोपरापेक्षा पाच-दहा सेंटीमीटर खाली हवं, नाहीतर वाकून वाकून कंबर जाते आणि दोष मॅटला मिळतो.

आणि स्टूल. उभ्याने काम करणाऱ्याला मधल्या फुरसतीत टेकता येईल अशी बसायची सोय कारखान्यात असलीच पाहिजे, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 44 मध्येच होतं. मॅट टाकली म्हणून स्टूल उचललं, तर खर्च करून तोटा विकत घेतला. उंच, टेकून बसायचं स्टूल पॅकिंगला छान चालतं. काउंटरवर गिऱ्हाईक नसताना सेल्समन बसला तर शेठनी डोळे वटारू नयेत, एवढंच.

संध्याकाळी दोन्ही पाय सारखे सुजतात आणि सकाळी उतरतात, तोवर या वस्तू कामाच्या. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली तर मॅट-मोजे बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शिरेत गुठळी झालेली असू शकते, आणि ती पोटरी चोळायची तर मुळीच नाही.