दहा वर्षांनी बूस्टर: टीडी की टीडॅप?

हर्णैच्या जेटीवर गंजलेला गळ बोटात घुसला की लोक प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ‘धनुर्वाताचं’ घेतात. आता तिथे मिळते ती टीडी लस: धनुर्वात आणि घटसर्प, दोन्हींवर. 10 आणि 16 वर्षांच्या मुलांनाही हीच, फुकट. टीडॅपमध्ये डांग्या खोकला जास्तीचा. ती बहुतेक खासगी दवाखान्यात, पदरचे पैसे मोडून.

सुरक्षिततेत मला दोघींत फारसा फरक दिसत नाही. दंड ठणकतो, लाल होतो, अंग कसकसतं, एक-दोन दिवसांत उतरतं. पुन्हा टीडॅप घेणाऱ्या प्रौढांतही तसंच दिसलं, म्हणून अमेरिकेत 2020 पासून दर दहा वर्षांच्या डोसला कुठलीही चालते.

खरी काळजी घाईची. प्रत्येक खरचटण्याला सुई टोचून घेतली, तर रक्तात आधीच भरपूर अँटिबॉडीज असल्याने दंड पार कोपरापर्यंत सुजू शकतो. म्हणून लसीकरणाचं कार्ड जपा. आधीचे डोस पूर्ण असतील, तर स्वच्छ, किरकोळ जखमेला दहा वर्षं आणि शेणमाती लागलेल्या किंवा खोल जखमेला पाच वर्षं उलटल्यावरच बूस्टर.

घरात बाळ येणार असेल तर मात्र मी टीडॅपच म्हणेन. तान्ह्याच्या जिवावर डांग्या खोकला बेततो, आणि आईने प्रत्येक गरोदरपणात 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान ती घेतली, तर बाळ संरक्षण घेऊनच जन्मतं. डॉक्टरांना आपणहून विचारा.