सोसायटीच्या दाराला कोणता टॅग: १२५ किलोहर्ट्झ की १३.५६ मेगाहर्ट्झ?

दार उघडायला रीडरसमोर, म्हणजे दाराजवळच्या वाचक यंत्रासमोर, धरायचे हे दोन्ही टॅग दिसायला सारखेच. बॅटरी कशातच नाही. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रावरच दोन्ही चालतात.

१२५ किलोहर्ट्झचा साधा टॅग स्वस्त, पण रीडरजवळ येताच आपला ठरलेला नंबर उघड सांगून टाकतो. हातात मावणाऱ्या कॉपियरने काही सेकंदांत त्याची नक्कल होते आणि रीडरला अस्सल कोणता ते कळत नाही.

१३.५६ मेगाहर्ट्झचा 'डेस्फायर' नावाचा टॅग आधी गुप्त किल्लीने रीडरशी ओळख पटवतो, दर वेळी उत्तर वेगळं. मात्र नुसत्या '१३.५६'वर भुलू नका: त्याच लहरींवरच्या 'मायफेअर क्लासिक' नावाच्या टॅगचं कूटलेखन २००८ मध्येच फुटलं. शिवाय रीडर किल्ली न तपासता फक्त टॅगचा नंबर वाचत असेल, तर डेस्फायरचे पैसे वाया. बसवणाऱ्याला हे आधी विचारा.

एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या इमारतीत मी डेस्फायरच बसवेन.