जीवाय ४०१ जायरो: आठ महिने, एक जळालेला सर्व्हो

टी-रेक्स ४५० या माझ्या रिमोटच्या हेलिकॉप्टरसाठी फुटाबाचा जीवाय ४०१ जायरो (शेपटी स्थिर ठेवणारं छोटं यंत्र) सेकंडहँड घेतला, त्याला आता आठ महिने झाले. फ्लायबारलेस कंट्रोलरच्या (मुख्य पंखा आणि शेपटी दोन्ही सांभाळणाऱ्या यंत्राच्या) जमान्यात हा जुना डबा कशाला, असं दोघांनी विचारलं. माझ्या हेलिकॉप्टरला अजून फ्लायबार (मुख्य पंखा स्थिर ठेवणारा आडवा दांडा) आहे आणि मला फक्त शेपटी सांभाळायची आहे, म्हणून.

पहिल्याच आठवड्यात सर्व्हो (शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारी छोटी मोटर) जाळला. चूक माझीच. जायरोवर डीएस नावाचा इवलासा स्विच असतो. तो चालू असला की सर्व्होला सिग्नल फार झपाट्याने जातात. डिजिटल सर्व्होला ते झेपतं, साध्या अॅनालॉगला नाही. आधीच्या मालकाने तो चालूच ठेवला होता आणि मी न बघता घरातला अॅनालॉग सर्व्हो जोडला. दोन मिनिटांत हात लावला तर चटका बसला, मग तो खास वास. आता डिजिटल एस९२५७ आहे, स्विच चालू, काही त्रास नाही.

नंतरचे दोन महिने शेपटी डोलण्यात गेले. मी गेन (जायरो किती जोरात दुरुस्ती करतो तो आकडा) ६५ वरून ६०, मग ५५ असा उतरवत बसलो. डोलणं कमी व्हायचं, पण जोरात कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा कंट्रोल) दिला की नाक भरकटायचं. शेवटी एका जुन्या जाणत्या काकांनी हेलिकॉप्टर हातात घेतलं, पुशरॉड (सर्व्होपासून शेपटीपर्यंतची दांडी) सोडवला आणि टेलचा स्लायडर (पात्यांचा कोन बदलणारा सरकता भाग) बोटाने सरकवायला सांगितला. अडकत होता! हेडिंग होल्डमध्ये (नाकाची दिशा धरून ठेवणाऱ्या मोडमध्ये) जायरो सतत दुरुस्ती करत राहतो, त्यामुळे असलं दुखणं झाकलं जातं. काकांनी रेट मोड (दिशा धरून न ठेवता फक्त वळणं आवरणारा) लावला, सर्व्होचा हॉर्न (फिरणारा छोटा हात) पुशरॉडशी काटकोनात बसवला, रिमोटवरचे ट्रिम आणि सबट्रिम (मधली स्थिती थोडी सरकवणाऱ्या सेटिंग) शून्यावर आणले. मग हॉवरमध्ये (हवेत एका जागी थांबवून) शेपटी ज्या बाजूला सरकायची, त्यानुसार पुशरॉडची लांबी एकेक फेरा फिरवून जुळवली. पाच-सहा वेळा उतरवलं, पुन्हा उडवलं. त्यानंतर हेडिंग होल्ड लावला तर गेन सरळ ६८ वर चढवता आला.

दिशेची तपासणी मात्र कधीच चुकवत नाही. हातात धरून नाक डावीकडे वळवायचं. टेलच्या पात्यांनी उजवा रडर (नाक उजवीकडे वळवणारा कंट्रोल) दिल्यासारखं वळायला हवं. उलट झालं तर रिव्हर्स स्विच. हे विसरून उडवलेलं हेलिकॉप्टर जमिनीवरून उठताच भोवऱ्यासारखं फिरतं, आणि त्यात माणसाला थ्रॉटल होल्डसुद्धा (मोटर बंद करणारा स्विच) आठवत नाही. स्टिक सोडल्यावर जमिनीवर सर्व्हो मधोमध परतत नाही म्हणून घाबरू नका, हेडिंग होल्डमध्ये तो तसाच वागतो.

लिमिटचा डायल (सर्व्हो किती दूर जाऊ शकतो ते ठरवणारा) एकदाच लावला: पूर्ण रडर देऊन स्लायडर टोकाला कण्हू नये इतपत. डिले (सर्व्होला मुद्दाम मंद करणारा डायल) शून्यावर. हे डायल फिरवायला चष्म्याच्या दुकानातला स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि उन्हात त्यांच्यावरचे आकडे मला तरी दिसत नाहीत.

एक कुरबूर उरलीच आहे. थंडीत पहाटे गाडीतून काढून लगेच बॅटरी जोडली तर नाक हळूहळू सरकत राहतं. म्हणून आता हेलिकॉप्टर आधी दहा मिनिटं बाहेर ठेवतो. बॅटरी जोडल्यावर दिवा लाल स्थिर होईपर्यंत हात लावत नाही, आणि मुलालाही लावू देत नाही.