किडनीचं प्लास्टिक मॉडेल घेतलं, साडेआठशे रुपये, घ्यावं का नको

मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा रिपीट करणाऱ्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी वाचून काय उपयोग नाही. मी खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी मिडियम, पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्लिशमधून, आता बेळगावात वडगावला रूम करून राहतोय. एक्सक्रिशनचा (उत्सर्जनाचा) चॅप्टर पाठ होता पण डोळ्यापुढं काय उभंच राहत नव्हतं, म्हणून मी आणि रूममेटनं निम्मे निम्मे घालून ऑनलाइन मॉडेल मागवलं. रूममेट गोकाकचा, कन्नडवाला. त्यांच्यातही किडनीला मूत्रपिंडच म्हणतात, म्हणजे या एका शब्दावरून तरी आमची मारामारी नाही.

आत दोन वस्तू येतात, एक उभी कापलेली किडनी आणि एक नेफ्रॉनची, म्हणजे किडनीतल्या गाळणाऱ्या बारीक नळीची पाटी. किडनी भलतीच मोठी, पट्टी लावली तर 18 सेंटिमीटर, माणसाची खरी 10 ते 12 असते हे बॉक्सवर कुठंच नाही. सगळ्या भागांवर नंबर आहेत पण कुठला नंबर कशाचा हे सांगणारं कार्डच गायब, विचारलं तर "लवकरच पाठवू". यूरेटर (किडनीतनं लघवी खाली नेणारी नळी) दुसऱ्याच दिवशी हातात आली, फेविक्विकनं चिकटवली.

पाटी मात्र भारी आहे. कॉर्टेक्स (बाहेरचा थर) आणि मेडुला (आतला भाग) यांची हद्द उठावात दाखवलीय, त्यामुळं हेन्लेचा लूप, म्हणजे नेफ्रॉनच्या नळीचा यू-सारखा वळसा, किती खोल उतरतो ते बोटाला कळतं. मी काय करतो, बोट फिरवत मोठ्यानं बोलतो, उतरताना पाणी बाहेर, मीठ आतच, म्हणून घट्ट होत होत 300 वरनं 1200 मिलीऑस्मोलपर्यंत, चढताना मीठ बाहेर आणि पाण्याला वाटच नाही, म्हणून परत पातळ. चार दिवसांत बसलं डोक्यात. मिनिटाला 125 मिली म्हणजे दिवसाला 180 लिटर गाळलं जातं आणि लघवी होते फक्त दीड लिटर, हे पण आधी नुसतं पाठ होतं. पंधरा लिटरच्या बारा घागरी गाळायच्या आणि तांब्याभर टाकून बाकी सगळं परत घरात घ्यायचं, आईला असं सांगितलं तर ती म्हणाली एवढं कष्टाचं काम कोण करतंय रे.

आता खरी तक्रार. ग्लोमेरुलसमधनं (रक्त गाळणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुच्छातनं) बाहेर पडणारी एफरंट आर्टेरिओल, म्हणजे बारीक धमनी, यांनी चक्क निळी रंगवलीय, आणि जाडी पण आत येणाऱ्या अफरंटएवढीच. निळी बघून मी तिला व्हेन (शीर) समजून बसलो. ती आर्टेरिओलच आहे ओ, तिथं रक्त गाळलं गेलेलं असतं, ऑक्सिजन संपलेला नसतो, आणि ती अफरंटपेक्षा बारीक असते म्हणूनच तर ग्लोमेरुलसमध्ये प्रेशर टिकून गाळणी चालते. मॉक टेस्टला नेमका यावरच प्रश्न, चार मार्क गेले आणि वर मायनस एक. पुस्तकात बरोबर होतं, मीच पाटीवर विश्वास ठेवला.

किडनीच्या अर्ध्या भागासाठी तर पैसे घालूच नका, सरळ मटणाच्या दुकानात जावा. मी गेलो तर दुकानदार म्हणाला, "गुर्दा एकच? फ्राय करालास काय?" म्हटलं अभ्यासाला पाहिजे, अण्णा, कापू नका तेवढं. त्यानं चरबीसकट तसाच दिला आणि पैसे घेतले नाहीत. घरमालक शाकाहारी, म्हणून कंग्राळीच्या दोस्ताकडं जाऊन कापला. चरबी काढली की वरचं कॅप्सूल कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटतं, आत बाहेरचा कॉर्टेक्स गडद आणि मेडुला फिकट, आतल्या बाजूच्या खाचेत यूरेटरचं तोंड, काडी घातली की थेट किडनीच्या पेल्व्हिसमध्ये, म्हणजे लघवी गोळा होते त्या पोकळीत. फक्त एक लक्षात ठेवा, बकऱ्याच्या किडनीत माणसासारखे सुटे सुटे पॅपिला, म्हणजे मेडुलातल्या त्रिकोणी पिरॅमिडांची टोकं, दिसत नाहीत, सगळे जुळून एकच लांबट कंगोरा झालेला असतो. पिरॅमिड मोजत बसू नका, ते मॉडेलवरच बघा.

पाचपैकी तीन स्टार देतोय, तेही पाटीमुळं. नुसती पाटी वेगळी मिळाली तर डोळे झाकून घ्या. एफरंटचं मी बघितलं माझ्यापुरतं, खडेबाजारातनं तीस रुपयांची लाल नेलपॉलिश आणून रंगवली, दोन हात मारावे लागले, तरी खालचा निळा अजून थोडा दिसतोय. कार्ड अजून आलेलं नाही.