मालवणची स्कूबा डुबकी: आईच्या प्रश्नांवर पारखलेली

"जा बाबा, आता मोठो झालंस, माका कित्याक इचारतंस?" तिशीतल्या मुलाने स्कूबाला जाऊ का असं विचारलं की घरून येणारं हे पहिलं उत्तर. याला होकार समजू नये. खरे मुद्दे त्यामागून येतात, आणि ते मुळीच फालतू नसतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना जी डुबकी मिळते, तिची पारख याच प्रश्नांवर करावी.

"पोवाक येणा नाय, आणि चल्लो दर्यात!" इथे सेवा उत्तीर्ण होते. या डुबकीला पोहता येण्याची अट नसते. गाइड मागून सिलिंडरची मान धरून ठेवतो. आपण फक्त तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा आणि तो कधीच रोखायचा नाही. वर येताना श्वास कोंडला तर उथळ पाण्यातही फुप्फुसाला इजा होऊ शकते. सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, आपलीच साधी हवा दाबून भरलेली असते, हेही आईला सांगावं. खोली थोडीच, पाण्याखालचा वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. बाकीचा वेळ बोट, तयारी आणि नंबर लागण्यात जातो. अट एकच: एका माणसामागे एक गाइड. दोघांना एकत्र नेतो म्हणाला तर बोटीत चढू नये.

"तुझो कान फुटलेलो, इसारलंस?" आई पूर्ण बरोबर आहे, आणि बऱ्याच बोटींची सेवा नेमकी इथे तोकडी पडते. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पण कानाला सगळ्यात जास्त जाणवतात ते पहिले दोन-तीन मीटर. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची, दुखायच्या आधी, दर अर्ध्या मीटरला. दुखलं तर थोडं वर येऊन पुन्हा. जोर लावला की पडद्याला इजा. सर्दी असेल तर कान मोकळा होतच नाही, त्या दिवशी पैसे गेले तरी चालतील. कानाचा पडदा फाटलेला असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, दमा, फिट्स किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर. गरोदरपणात तर जाऊच नये. डुबकीला नेणारा चांगला व्यावसायिक या आजारांची विचारणा करणारा फॉर्म पैसे घेण्याआधी देतो आणि नीट वाचू देतो. हलत्या बोटीत सही मागतो तो नव्हे.

खुणाही जमिनीवरच शिकवायला हव्यात. अंगठा वर म्हणजे "मला वर न्या". मजा येतेय म्हणून अंगठा दाखवणारे पाचव्या मिनिटाला बोटीवर येतात, आणि चूक त्यांची नसते. "ठीक आहे" सांगायला अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं. हे सगळं सावकाश शिकायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) स्कूबा केंद्रात डायव्हिंगसाठी बांधलेला खोल तलाव आहे. ज्यांची आई जास्त काळजी करते त्यांनी सरळ तिथे चौकशी करावी.

"दोन घावणे तरी खावन जा." ऐकावं, पण दोनच. रिकाम्या पोटी बोट लागते, भरल्या पोटी त्याहून जास्त. सुरमईचं ताट डुबकीनंतर.

सकाळची पहिली बोट मागावी. दुपारी वारा वाढतो, पाणी ढवळतं. पाणी स्वच्छ मिळतं ते साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि पावसाळ्यात सगळं बंद. दरात पाण्याखालचा व्हिडिओ धरलाय का ते विचारून घ्यावं. तो आईला दाखवायचा असतोच. तोंडातून सलग निघणारे बुडबुडे तिला दाखवावेत: ते निघताहेत तोवर श्वास चालू आहे, तिला दुसरं काही बघायचं नसतं.

"आजच्या आज परत ये" म्हणाली तर मात्र तेवढं ऐकू नये. डुबकीनंतर निदान १२ तास, एकाहून जास्त डुबक्या असतील तर १८ तास विमान टाळायचं, मग ते जवळच्या चिपी विमानतळावरून असो की गोव्यातल्या मोपाहून. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून सुमारे ७०० मीटरवरच्या आंबोलीतून गाडीने जाणाऱ्यांनीही डुबकी उथळ असली तरी त्या दिवशी घाट न चढलेला बरा. रात्री मालवणातच राहावं आणि सकाळी निघावं.