पावसाळाभर अल्पाईन लिनक्स: अंबडच्या वर्कशॉपमधला अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या जॉबवर्कच्या शॉपमध्ये ड्रॉइंग आणि सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या) मशीनचे प्रोग्राम ठेवायला एक कॉमन जागा हवी होती. बॅटरी बऱ्यापैकी धरणारा जुना लॅपटॉप पडून होता. जूनमध्ये त्यावर अल्पाईन (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा एक छोटेखानी प्रकार) टाकलं, दिवाळी झाली तरी चालू आहे. लाईट गेली की बाकी सगळं बसतं, हा मात्र बॅटरीवर तग धरतो.

इन्स्टॉलेशन सोपं आहे. सेटअप-अल्पाईन ही कमांड द्यायची, विचारेल त्याची उत्तरं द्यायची, रीबूट. डिस्कवर साधारण १३० एमबी. खरं काम त्यानंतर, कारण हाती येतं ते अगदीच सडंफटिंग. बॅश (कमांड द्यायचा नेहमीचा शेल) नाही, ॲडमिनच्या अधिकारात कमांड चालवणाऱ्या सुडोच्या जागी डूॲज, मॅन पेजं (कमांडची माहितीपानं) सुद्धा नाहीत. एलएस, ग्रेप, व्हीआय या रोजच्या कमांड, हे सगळं बिझीबॉक्स या एकाच प्रोग्रामच्या पोटात. तो मुळात डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या एका फ्लॉपीत मावावा म्हणून लिहिलेला, त्यामुळे काटकसर ठरलेलीच.

रोजच्या कामाला ती चालते. अडतं ते दुसरीकडच्या स्क्रिप्ट आणल्या की. आमची बॅकअपची स्क्रिप्ट डेट कमांडला 'येस्टरडे' विचारायची. बिझीबॉक्स 'इनव्हॅलिड डेट' म्हणून मोकळा. एपीके (अल्पाईनचा पॅकेज टाकायचा-काढायचा प्रोग्राम) वापरून 'एपीके ॲड कोअरयुटिल्स' केलं, याच कमांडची पूर्ण रूपं आली, विषय संपला. सोबत बॅश, लेस, एचटॉप, टीमक्स, आरसिंक ही नेहमीची साधनं टाकून घ्या. मँडॉक (मॅन पेजं दाखवणारा) आणि डॉक्स तर हवेतच: डॉक्स असलं की प्रत्येक पॅकेजची मॅन पेजं आपोआप येतात, आणि नेट गेल्यावर तीच उपयोगी पडतात. एखादं पॅकेज सापडलं नाही तर आधी रिपॉझिटरीच्या (पॅकेजं जिथून येतात त्या साठ्यांच्या) फाईलमध्ये 'कम्युनिटी' या साठ्याच्या ओळीपुढचा, ती ओळ बंद ठेवणारा हॅश (#) काढलाय का बघा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एपीकेची वर्ल्ड नावाची फाईल. आपण स्वतः मागून घेतलेली पॅकेजं तेवढी तिच्यात असतात, त्यांना लागणारी बाकीची पॅकेजं (डिपेंडन्सी) एपीके सांभाळतो आणि गरज संपली की काढूनही टाकतो. सहा महिन्यांनी 'हे कशाला टाकलं होतं' असा प्रश्न पडत नाही.

विंडोजच्या पीसींना फाईल शेअर करून देणाऱ्या सांबाने वेळ खाल्ला, पण त्यात अल्पाईनचा दोष नाही. आमच्या जुन्या मशीनचा पीसी विंडोज एक्सपीवर आहे, त्याला फाईल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल एसएमबी १ च कळतो, आणि सांबाने तो ४.११ या आवृत्तीपासून बाय डिफॉल्ट बंद केलाय. 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल' ही सेटिंग एनटी १ (म्हणजे एसएमबी १) करावी लागली, शिवाय एनटीएलएम ही लॉगिनची जुनी पद्धतही चालू करावं लागलं. असं करणार असाल तर ते नेटवर्क इंटरनेटपासून तोडलेलंच ठेवा.

खटकलेलं एकच. एका मशीनवाल्याने दिलेला लिनक्स प्रोग्राम चालवला तर फाईल समोर दिसतेय आणि शेल म्हणतो 'नॉट फाउंड'. त्याला लागणारा जीलिबसीचा (बहुतेक लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचा) लोडर इथे नसतो, अल्पाईन मसल या वेगळ्या लायब्ररीवर चालतं. दोन्हींचा मेळ घालणाऱ्या जीकॉम्पॅट पॅकेजने काही प्रोग्राम चालतात, हा चालला नाही. दुसऱ्याने दिलेल्या तयार प्रोग्रामवर (बायनरीवर) तुमचं काम अडत असेल तर सरळ डेबियन घ्या. (टॅली चालेल का, असं आमच्या अकाउंटच्या ताईंनी विचारलंच. नाही चालणार.)

नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, साधारण मे आणि नोव्हेंबरात येते. मुख्य रिपॉझिटरीला दोन वर्षं अपडेट मिळतात, कम्युनिटीला मात्र पुढची आवृत्ती येईपर्यंतच. म्हणून अपग्रेड लांबवत नाही; साप्ताहिक सुट्टीला, मशीन बंद असताना उरकतो.