कोणत्या फेलोशिपचा अर्ज भरावा? अनुभवी मुंबईकर नर्तकांसाठी तुलनात्मक आढावा

फेलोशिपची जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरत आली की दोन प्रश्न लगेच येतात: किती देतात, आणि शेवटची तारीख कधी? मुदत संपताना आपल्याकडून नेमकं काय मागणार, हे फार कमी जण विचारतात. कुणाला लेखी अहवाल हवा असतो, कुणाला प्रयोग, कुणाला तुम्ही बाहेर जाऊन काय पाहिलंत-शिकलात त्याचा हिशेब. वीस वर्षं नाचलेल्या, ढीगभर मुलींचं अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर एकल प्रयोग, बसवलेल्या माणसाचा अर्ज परत येतो तो पुष्कळदा याच कारणाने. नाच चोख असतो, प्रस्ताव भलत्याच दारात गेलेला असतो.

हा आढावा अशा अनुभवी लोकांसाठी आहे. पंचविशीच्या आतल्यांसाठी केंद्र सरकारची यंग आर्टिस्ट स्कॉलरशिप आहे, १८ ते २५ वयासाठी, महिना ५,००० रुपये. ती शिकत असलेल्यांची, म्हणून इथे बाजूला ठेवते. राज्य सरकारच्या ज्येष्ठ साहित्यिक-कलावंत मानधनालाही कुणी कुणी फेलोशिप म्हणतं. ती उतारवयातल्या गरजू कलावंताला दिलेली मदत आहे. तिथे कामाचा प्रस्ताव लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागतो. दोन्ही कागद एकाच फाइलीत ठेवणारे लोक मला माहीत आहेत, म्हणून सांगितलं.

सीसीआरटी: सगळ्यांना माहीत असलेली, तरी नीट न वाचलेली

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ही योजना दिल्लीतल्या सीसीआरटीमार्फत, म्हणजे सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंगमार्फत, चालते. एका बॅचला जास्तीत जास्त ४०० फेलोशिप, त्यातल्या २०० सीनियर आणि २०० ज्युनियर. त्यात नाटक, संगीत, चित्रकला, लोककला, साहित्य असे सगळेच वाटेकरी. सीनियरला चाळिशी पूर्ण हवी आणि महिना २०,००० रुपये मिळतात. ज्युनियर २५ ते ४० वयासाठी, महिना १०,०००. दोन्हींची मुदत दोन वर्षं, आणि दोन्हींना पदवी लागते. विशारद, अलंकार या नृत्यपरीक्षांची प्रमाणपत्रं जरूर जोडा, पण पदवीच्या रकान्यात विद्यापीठाची पदवी लिहायची असते. नालंदा नृत्य कला महाविद्यालयाची पदवी मुंबई विद्यापीठाची असल्यामुळे तिथून शिकलेल्यांना ही अडचण येत नाही. गुरूच्या घरी राहून, बारावीनंतर फक्त नाचच केलेल्यांना येते.

पैशाचं गणित सरळ आहे. सीनियरचे दोन वर्षांचे ४,८०,००० होतात आणि ते सहामाही चार समान हप्त्यांत येतात, म्हणजे एका वेळी १,२०,०००. पुढचा हप्ता कामाच्या अहवालाशी बांधलेला. अंधेरीत वीस हजारांत वन बीएचकेचं भाडंही निघत नाही, तेव्हा क्लास बंद करून ही फेलोशिप करण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. आठवड्यातली एखादी बॅच सोडून तेवढा वेळ मोकळा करायला मात्र ती पुरते. ज्यांची दुपार पार्ल्यात, संध्याकाळ ठाण्यात आणि रविवार कुणाच्या तरी रंगप्रवेशाच्या तालमीत जातो, त्यांना या मोकळ्या वेळाची किंमत वेगळी सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. ही फेलोशिप सांस्कृतिक संशोधनासाठी आहे. संशोधन लेखी असू शकतं किंवा प्रत्यक्ष नाचातून केलेलं, पण प्रकल्प हवा. प्रशिक्षण देणं, कार्यशाळा किंवा चर्चासत्रं भरवणं, आत्मचरित्र लिहिणं, यांसाठी ती नाही, असं नियमांतच म्हटलेलं आहे. तरी ‘मी वंचित मुलींना कथक शिकवीन’ या धाटणीचे अर्ज दर वर्षी जात असतात. काम कितीही चांगलं असलं तरी त्याची जागा ही नव्हे.

प्रकल्प कसा मांडायचा, याचं मुंबईतलंच उदाहरण घेऊ. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळातल्या, मराठी निरूपणांवर, म्हणजे नाचासाठी लिहिलेल्या रचनांवर, नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमारांनी मुंबईत बसून वर्षानुवर्षं काम केलं आणि ती भरतनाट्यमच्या मंचावर आणली. मराठी माणसाला भरतनाट्यम परकं वाटू नये, एवढा मोठा हा ऐवज. आज त्याच वाटेने जायचं असेल तर ‘भरतनाट्यममधील मराठी रचना’ एवढं लिहून भागणार नाही. तो विषय झाला, प्रस्ताव नाही. कुठली निरूपणं घेणार, मोडीतलं हस्तलिखित कोण वाचून देणार, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात किती वेळा जाणार, कुठल्या जुन्या शिष्येकडून जती (तालाच्या बोलांचे तुकडे) ताडून घेणार, सहाव्या महिन्यात हातात काय असेल आणि बाराव्यात काय, हे लिहिलं की तो प्रस्ताव होतो. असे विषय मुंबईत पावलोपावली आहेत. माटुंग्याच्या राजराजेश्वरी भरत नाट्य कला मंदिराने १९४५ पासून तंजावरची शैली मुंबईत रुजवली, त्या शैलीतल्या अडवूंच्या (नाचाच्या मूळ हालचालींच्या) बांधणीत इथे राहून काय बदललं? लच्छू महाराज आणि गोपीकृष्ण यांनी हिंदी सिनेमात नेलेलं कथक परत क्लासात कसं शिरलं? नाचणाऱ्या माणसालाच नीट विचारता येतील असे हे प्रश्न आहेत. ग्रंथालयात बसलेल्या संशोधकाच्या शरीराला ते ठाऊक नसतात.

तुमचं वय एकोणचाळीस असेल तर? एक वर्ष थांबलात की रक्कम थेट दुप्पट. विषय थांबणारा असेल तर थांबा. पण ज्या गुरूंच्या तोंडून बंदिशी उतरवून घ्यायच्या आहेत ते पंच्याऐंशीचे असतील, तर ज्युनियरच भरा आणि आज भरा.

आयएफए: प्रश्न असलेल्यांसाठी

बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ साली स्थापन झालेली स्वतंत्र संस्था. सरकारी नाही, त्यामुळे फॉर्मची भाषा वेगळी आणि अपेक्षाही वेगळ्या. दरमहा मानधन असा प्रकार इथे नाही. प्रकल्पाचं बजेट तुम्ही मांडायचं: संगतकार, हॉल, प्रवास, चित्रीकरण, स्वतःचा वेळ. आर्ट्स रिसर्च आणि आर्ट्स प्रॅक्टिस हे दोन कार्यक्रम नर्तकांच्या कामाचे. पहिल्यात इतिहास, परंपरा, लोक, कागद यांचा शोध; दुसऱ्यात स्वतःच्या कलेच्या पद्धतीलाच प्रश्न विचारणारं काम. प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत लिहिता येतो. मराठीत! ज्यांना नाचाबद्दल मराठीत तासभर बोलता येतं आणि इंग्रजी फॉर्म समोर आला की तीन ओळींत संपतं, त्यांच्यासाठी एवढ्या एका कारणाने आयएफए पहिल्या क्रमांकावर असायला हवी.

इथे पदवीपेक्षा प्रस्ताव बोलतो. म्हणून लावणी करणाऱ्या, संगीत बारीत आयुष्य गेलेल्या कलावंतालाही हे दार उघडं आहे. सीसीआरटीच्या सीनियर फेलोशिपला तिला पदवीची अट आडवी येते. अर्थात कागदपत्रं आणि हिशेब सांभाळायला कुणी जोडीला लागेल. तो माणूस विश्वासातला निवडा आणि अर्ज कुणाच्या नावावर जातोय ते स्वतः पाहा. कला एकीची आणि प्रकल्प दुसऱ्याचा, असले प्रकार लोककलांच्या बाबतीत कमी झालेले नाहीत.

तोटाही सांगते. ‘माझ्या ग्रुपला नवीन नृत्यनाटिका बसवायची आहे’ हे इथे चालणारं उत्तर नाही. ती का बसवायची, त्यातून तुमच्या शैलीतलं काय ढवळून निघणार, हे विचारलं जातं. मार्गम, म्हणजे भरतनाट्यमचा ठरलेला प्रयोगक्रम, शुद्ध ठेवणं हेच ज्यांचं व्रत आहे त्यांना हे प्रश्न खुपतील. त्यांनी खुपवून घेऊ नयेत, सीसीआरटीकडे जावं. आणि नोंदणीकृत संस्था असेल, निर्मितीचाच खर्च हवा असेल, तर संस्कृती मंत्रालयाची निर्मिती अनुदानाची वेगळी योजना आहे. तिला फेलोशिप समजू नका एवढंच.

बाहेर जायचं असेल तर

न्यूयॉर्कची एशियन कल्चरल कौन्सिल १९६३ पासून आशियातल्या कलावंतांना अमेरिकेत आणि आशियातल्याच दुसऱ्या देशांत जायला मदत करते. मुदत महिन्यांत मोजायची, वर्षांत नाही. ही फेलोशिप प्रवास, निरीक्षण, भेटीगाठी आणि अभ्यास यांसाठी आहे. नवीन निर्मिती उभी करायला किंवा दौरा काढायला पैसे मिळत नाहीत. इंडोनेशियातलं दरबारी नृत्य पाहून आपल्या अभिनयाकडे नव्याने पाहायचंय, असं म्हणणाऱ्याला ही योग्य. तिकडे चार शो मिळतात का बघू, असं मनात असणाऱ्याला नाही. मुलाखत घेणारे तेवढं ओळखतात.

फुलब्राइट-नेहरूच्या वाटेने अनुभवी व्यावसायिकांना अमेरिकेतल्या विद्यापीठात काही महिने राहता येतं आणि त्यांचं एक कार्यालय मुंबईतही आहे. पण तिथे पीएचडी किंवा त्या तोडीचं प्रकाशित काम विचारात घेतात, म्हणजे नाचाबरोबर लिहिणाराच हवा. शिवाय हा जे-१ व्हिसा. त्यावर गेलेल्याला परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते; त्याआधी तिकडच्या नोकरीचा एच-१बी किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. नवरा न्यू जर्सीत नोकरी शोधतोय अशा घरात ही अट अर्ज भरण्याआधी जेवणाच्या टेबलावर बोलून घ्या.

टागोर नॅशनल फेलोशिपबद्दल थोडक्यात. रक्कम मोठी, फेलोला महिना ८०,००० आणि स्कॉलरला ५०,०००, दोन वर्षं. काम मात्र एखाद्या सहभागी संस्थेशी जोडून घेऊन, तिच्या संग्रहावर करायचं असतं. तुमची पीएचडी झालेली असेल, लेख छापून आलेले असतील, तर जरूर बघा. नाहीतर ८०,००० या आकड्याकडे बघून दोन महिने वाया घालवू नका.

मग कुणी काय भरावं?

डोंबिवलीत क्लास आहे, पंचेचाळिशी झालीय, घर सोडून महिनोन्महिने राहणं शक्य नाही, आणि गुरूकडून आलेलं काहीतरी नीट नोंदवून ठेवायची इच्छा आहे: सीसीआरटी सीनियर, डोळे मिटून. रक्कम कमी आहे, पण मुक्काम बदलायला लागत नाही आणि पारंपरिक विषयाला तिथे मान आहे. कंटेम्पररी करता, शैलींच्या सीमेवर अडकलाय, ‘माझं नाव कुठल्या रकान्यात?’ असा प्रश्न पडतो: आयएफए. सीसीआरटीच्या रकान्यांत तुम्ही बसाल, पण अवघडून. मूल मोठं झालंय, शिष्या क्लास सांभाळतील अशा तयार आहेत, आणि बऱ्याच वर्षांत दुसऱ्याचं काम निवांत पाहिलेलं नाही: एशियन कल्चरल कौन्सिल. मुंबईच्या नर्तकाला पैशापेक्षा नवं काही पाहण्याची उपासमार जास्त असते, असं माझं मत आहे. दुसऱ्याच्या प्रयोगाला आपण जातो ते आपल्या मुली त्यात नाचत असतील तर.

अर्जातल्या दोन गोष्टी सगळीकडे सारख्या. पहिली, व्हिडिओ. रवींद्र नाट्य मंदिरातल्या वार्षिक कार्यक्रमाचं, तीस मुली आणि बदलत्या दिव्यांचं रेकॉर्डिंग पाठवू नका. एक कॅमेरा, स्थिर, पूर्ण शरीर दिसेल असा, पाय कापलेले नाहीत, आणि प्रस्तावाशी संबंध असलेलीच रचना. दहा मिनिटं मागितली असतील तर पहिल्या दोन मिनिटांत पुष्पांजलीऐवजी मुख्य काम दिसू द्या. दुसरी, शिफारसपत्र. गुरूंचं पत्र बहुतेक वेळा आशीर्वाद असतो, आणि तो हवाच. पण दोन पत्रं मागितली असतील तर दुसरं अशा माणसाचं घ्या जो तुमच्या शैलीचा नाही पण तुमचं काम ओळखतो: संगतकार, नाट्यदिग्दर्शक, एखादा अभ्यासक. त्याला प्रस्ताव आधी वाचायला द्या, नाहीतर ‘सदर कलावंत मेहनती असून’ हेच लिहून येतं.

बजेटमध्ये संगतकारांचं मानधन बाजारभावाने लिहा. ओळखीतले आहेत, कमी घेतील, असं धरून आकडा खाली आणू नका. तबलजी आणि मृदंगवादक दोन वर्षं दोस्तीखातर तालमीला येत नाहीत. आणि एकच प्रकल्प दोन ठिकाणी पाठवणार असाल तर ते दोन्हीकडे लिहून कळवा. एकाच कामासाठी दोन्हीकडचे पैसे एकाच वेळी घेता येतील असं गृहीत न धरता तसं आधी ईमेलवर विचारून, आलेलं उत्तर जपून ठेवा.